दारू सुटली, खोटे बोलणे सुटायचे आहे

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"मी रावेर तालुक्यातला, वय 41. घरची केळीची बाग आहे, शिवाय व्यापाऱ्यांना गाड्या भरून देण्याचे काम करतो. एकोणिसाव्या वर्षी लागलेली दारू व्यसनमुक्ती केंद्रात राहून सुटली, त्याला 16 महिने झाले. केंद्रातून आल्यापासून दर आठवड्याला एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगला जातो. घर सावरले आहे, लोक नावाजतात, आणि येत्या 2 ऑक्टोबरला गावच्या शाळेतील व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात मी बोलावे असा सरपंचांचा आग्रह आहे. पण मी सतत नाटक करतो आहे असे मला वाटते. कोणी 'बसायला' बोलावले तर पित्ताचा त्रास आहे असे सांगतो. पूर्वी मी चार लोकांत गाणारा, हसवणारा होतो, आता तोंडातून शब्द निघत नाही. रात्री दोनला जाग येते. बायको अजूनही मी घरात शिरताच वास घेते. आणखी एक गोष्ट आहे. चार वर्षांपूर्वी बहिणीने आईकडे ठेवायला दिलेली सोन्याची पोत मीच काढून विकली. संशय आमच्या सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यावर, गेला आणि मी गप्प राहिलो. पोलिसांत कोणी गेले नाही, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेले त्याचे साल मधेच मोडले, राहिलेले पैसेही दिले नाहीत. हे मी कुणालाच सांगितलेले नाही. यंदा कानबाईच्या सणात रोटांच्या जेवणाला भाऊबंद जमले असताना काकांनी सर्वांसमोर माझे कौतुक केले, तेव्हा घास घशाखाली उतरेना. दारू काढून टाकली तर मी नेमका कोण उरतो? आणि खरे सांगितले तर सगळे पुन्हा कोसळेल, मी पुन्हा पिईन, अशी भीती वाटते."

प्रिय भाऊ,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. मूळ पत्र पाच पानांचे आहे आणि त्यात सालदाराविषयी सहा ओळी आहेत, त्याही चौथ्या पानाच्या तळाशी. तरीही मला वाटते की बाकीची पाने तुम्ही त्या सहा ओळींपर्यंत पोहोचण्यासाठी लिहिली. म्हणून माझे उत्तरही मुख्यतः त्यांच्याविषयीच असेल. मात्र त्याआधी दोन-तीन गोष्टींचा उलगडा करून घेऊ, कारण सगळे त्रास एकाच कारणाने होत आहेत असे तुम्ही धरून चालला आहात आणि ते तसे नाही.

रात्री दोनची जाग ही सगळीच्या सगळी अपराधाची टोचणी नसते. दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबून ठेवते. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की मेंदू आपली घडी दारू धरूनच बसवतो, आणि दारू बंद झाल्यावर ती घडी पुन्हा बसायला त्याला वेळ लागतो. झोप तुटक होणे, उगाच चिडचिड होणे, कशातच गोडी न वाटणे हे दारू सोडल्यानंतर कित्येक महिने टिकू शकते. सोळा महिन्यांनंतरही ते इतके जाणवत असेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाऊन एकदा दाखवून घ्या, कारण त्यामागे उदासीनतेचा आजारही असू शकतो आणि त्यावर औषध आहे. मात्र मेडिकलच्या दुकानातून स्वतःच झोपेची गोळी आणू नका. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या मेंदूत त्याच गाबाच्या वाटेने काम करतात आणि दारू सुटलेल्या माणसाला त्यांची सवय फार लवकर लागते.

दुसरी गोष्ट तुमच्या गाण्या-हसवण्याची. पिऊन गाणारा तो खरा आणि आता गप्प बसणारा तो खोटा, अशी वाटणी तुम्ही मनाशी केलेली दिसते. माझे मत वेगळे आहे. एकोणिसाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत माणूस संकोच सोसायला, रागावलेल्या माणसासमोर उभे राहायला, लग्नाच्या मांडवात अनोळखी लोकांत वावरायला शिकत असतो. त्या सगळ्या वेळी तुमच्या वतीने दारू पुढे गेली आणि तुम्ही मागे उभे राहिलात. आज गाडी भरून झाल्यावर चार लोकांत काय बोलावे हे तुम्हाला सुचत नाही याचे कारण एवढेच, की ते शिकायचे राहून गेले होते. गाणे तुमचेच होते. दारूला सूर लावता येत नाही. ते परत येईल, पण आधी बराच काळ तुम्ही अवघडलेले असाल, आणि त्या अवघडलेपणाला नाटक म्हणण्याचे काही कारण नाही. आज तुमच्याजवळ असलेली ती सर्वांत खरी गोष्ट आहे.

नाटक दुसरीकडे चालू आहे, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे.

दारू माणसाला पिण्याबरोबरच खोटे बोलण्याची तालीम देते, आणि ती तालीम इतकी रोजची असते की पुढे ती आपण घेतो आहोत हेही लक्षात राहत नाही. रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला शेतात जातो असे सांगून निघणे, परत येताना बडीशेप चघळणे, मजुरीच्या हिशेबात शंभर-दोनशे इकडचे तिकडे करणे, व्यापाऱ्याने पैसे दिलेले असताना दिले नाहीत असे घरी सांगणे, आणि कोणी विचारलेच तर आधी आवाज चढवणे. हे मी गेली बावीस वर्षे या जिल्ह्यातल्या अनेक घरांत बसून ऐकते आहे. केंद्रात दारू बंद होते, पण ही कारागिरी बंद करायला तिथे पुरेसा वेळ मिळत नाही. मीटिंगला बसणारे जुने लोक 'ड्राय ड्रंक' म्हणतात ते हेच: बाटली नाही, बाकी सगळे तसेच. तुम्ही पित्ताचे कारण सांगता ते मला लहानसे वाटले नाही, कारण ते बोलताना तुमची तीच जुनी जीभ चालते. तिथे 'मी घेत नाही' एवढे तीन शब्द पुरेत. का, केव्हापासून, कुठल्या केंद्रात, हे सांगण्यास तुम्ही कुणालाही बांधील नाही. आपली गोष्ट आपल्यापाशी ठेवणे हा तुमचा हक्क आहे. खोटे कारण पुढे करणे ही निराळी गोष्ट आहे, आणि या दोहोंतला फरक जो ओळखतो त्याला बराच रस्ता सापडतो.

आता सालदाराकडे येऊ.

'मी कोण उरतो' असे तुम्ही विचारता. हा प्रश्न दारू सुटलेली पुष्कळ माणसे विचारतात आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी ती ध्यान, प्रवचन, डायरी अशा अनेक वाटांनी जातात. त्यातले काहीच वाईट नाही. तुमच्या बाबतीत मात्र त्याआधीचा एक प्रश्न आहे. तुमच्या गप्प राहण्याची किंमत एक माणूस गेली चार वर्षे, आजही, मोजतो आहे. गावात 'पोत नेणारा' म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले जाते, साल मधेच मोडलेल्या माणसाला पुढच्या आखाजीला कोण ठेवते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, आणि त्याच्या मुलांनी घरी काय ऐकले असेल ते आपल्या दोघांनाही माहीत नाही. तुम्ही स्वतःला शोधण्याआधी त्याचे नाव त्याला परत द्यायचे आहे. तुमच्या कामांचा क्रम मी असाच लावीन.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात 1935 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी झाली. बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब नावाचा शल्यचिकित्सक, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांशी खरे बोलू लागले आणि त्यातून हे काम उभे राहिले. त्यांच्या बारा पायऱ्या तुम्ही मीटिंगमध्ये ऐकल्याच असतील. चौथीत आपल्या वागणुकीची निर्भयपणे झडती घ्यायची, पाचवीत ती दुसऱ्या एका माणसासमोर कबूल करायची, आठवीत ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करायची आणि नववीत शक्य तिथे त्यांची प्रत्यक्ष भरपाई करायची, मात्र तसे केल्याने त्यांना किंवा इतर कुणाला इजा होणार असेल तर नाही. हा शेवटचा भाग नीट वाचा. 'त्यांना किंवा इतरांना' इजा असे तिथे आहे. भरपाई करणाऱ्याला होणारा त्रास त्यात धरलेला नाही. सांगितले तर घर कोसळेल, असे तुम्ही लिहिता तेव्हा त्यातला किती भाग घराच्या काळजीचा आहे आणि किती तुमच्या नव्याने मिळालेल्या मानाच्या काळजीचा, हे तुम्हीच तपासा.

इथे मी माझ्या घरातली एक गोष्ट सांगते, कारण हा सल्ला मी पुस्तकातून देत नाही. माझे वडील भुसावळला नोकरीला होते. पन्नाशीत त्यांनी दारू सोडली आणि पुढे मरेपर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, एक थेंबही घेतला नाही. त्याआधी एकदा घरातून माझ्या फीचे पैसे गेले होते आणि त्यासाठी माझ्या धाकट्या भावाला मार बसला होता. ते पैसे कुणी नेले हे आम्हा सर्वांना पुढे कळले. वडिलांनाही कळत होते की आम्हाला कळले आहे. भाऊ मोठा झाला, त्याने त्यांचे औषधपाणी केले, शेवटच्या आजारात रात्र-रात्र जागला, आणि तरी त्यांच्या खोलीत तो कधी खुर्चीवर बसला नाही, दाराशी उभा राहायचा. 'ते पैसे मी घेतले होते, मार तुला उगाच बसला' या एका वाक्याची तो वाट पाहत होता असे मला वाटते. अठरा वर्षांच्या निर्व्यसनीपणाने ते वाक्य भरून निघाले नाही.

म्हणून कसे सांगायचे ते सांगते. सर्वांत आधी ही गोष्ट मीटिंगमधल्या एखाद्या जुन्या, विश्वासू सभासदाला किंवा केंद्रातील समुपदेशकाला सांगा. पहिल्यांदा ती तोंडातून निघताना तुम्ही रडाल, सबबी सांगाल, दारूला दोष द्याल; ते सगळे तिथे होऊन जाऊ द्या, बहिणीच्या अंगावर ते टाकू नका. त्यानंतर पत्नीला सांगा, कारण पैशांची भरपाई तिच्याही संसारातून होणार आहे आणि हे तिला इतर कुणाकडून कळणे तिच्यावर अन्याय होईल. मग आई आणि बहीण. दिवाळीत भाऊबीजेला बहीण येईलच, पण ओवाळणीच्या ताटासमोर ही गोष्ट काढू नका. तिच्या सणाचा दिवस तुमच्या कबुलीसाठी नाही, म्हणून त्याआधीच तिच्या सवडीने तिला भेटा.

तिच्याशी बोलताना वाक्ये लहान ठेवा. पोत मी नेली. अमुक ठिकाणी विकली. सालदाराने काही केले नव्हते. तेव्हा मी गप्प राहिलो. 'दारूने करायला लावले' हे वाक्य त्यात नको, ते खरे असले तरी नको. क्षमाही मागू नका, म्हणजे ती लगेच देण्याचा भार तिच्यावर पडणार नाही. पोत किती वजनाची होती ते आईला विचारा आणि आजच्या भावाने ती कशी व किती महिन्यांत भरून देणार याचा हिशेब कागदावर लिहून न्या. केळीच्या पुढच्या काढणीचे पैसे आले की पाहू, असे मोघम बोलू नका. भाव पडला तरी देता येईल एवढीच रक्कम महिन्याला धरा. सासरी या पोतीवरून तिला काय ऐकून घ्यावे लागले ते तिला विचारा, आणि तिथे आता काय सांगायचे, किती सांगायचे, हे ठरवणे पूर्णपणे तिच्यावर सोडा. इजा न करण्याची ती अट तिच्यासाठी आहे. ती पोलिसांत जायचे म्हणाली तर तोही तिचा हक्क आहे, हे मनाशी धरूनच तिच्यासमोर बसा.

आई कदाचित म्हणेल, झाले ते झाले, आता सालदाराचा विषय उकरून गावात शोभा करू नको. तिचा जीव तुमच्यात आहे, म्हणून ती असे म्हणेल. इथे मात्र तिचे ऐकू नका. ज्या भाऊबंदांसमोर त्याच्यावर संशय घेतला गेला, त्यांच्यासमोरच तो फेडला पाहिजे. त्याच्या घरी एकांतात जाऊन हळू आवाजात सांगितले तर तुमचे ओझे हलके होईल, त्याचे होणार नाही. ज्या काकांनी रोटांच्या दिवशी तुमचे कौतुक केले त्यांनाच बोलावून, बाकीच्या चार जाणत्यांसमोर, हे सांगा.

त्यानंतर 2 ऑक्टोबरचा प्रश्न उरत नाही, पण स्पष्ट लिहिते: यंदा व्यासपीठावर जाऊ नका. सरपंचांना सांगा की अजून वेळ आहे. गाव तुमच्याकडे उदाहरण म्हणून पाहू लागले की उदाहरणाला न शोभणारे सगळे तुम्ही लपवू लागाल, आणि लपवणे हीच तुमची जुनी वाट आहे. मीटिंगमध्ये नाव-आडनाव बाजूला ठेवून बसण्याची जी रीत आहे तिच्यामागे हाही विचार आहे. शाळेतल्या मुलांना दारूविषयी सांगायला डॉक्टर येऊ शकतात. त्या संध्याकाळी तुम्ही आपल्या मीटिंगला जा.

पत्नीच्या वास घेण्याविषयी तुम्ही दुखावलेल्या स्वरात लिहिले आहे. तुमच्या पिण्याच्या वीसेक वर्षांपैकी किती वर्षे तिने तुमच्याबरोबर काढली ते मोजा, मग सोळा महिने त्यांच्याशेजारी ठेवून पाहा. याच खान्देशात, शहाद्याकडे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भिल्ल बाया एकत्र आल्या आणि गावोगावचे दारूचे अड्डे त्यांनी स्वतःच्या हातांनी फोडले, कारण मजुरी अड्ड्यावर जात होती आणि मार त्यांच्या वाट्याला येत होता. तुमच्या पत्नीने मडके फोडले नाही, ती फक्त वास घेते. घेऊ द्या. शक्य असेल तर तिला अल-अनॉनच्या मीटिंगची माहिती द्या. ती व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी असते आणि तिथे तुमचा विषय निघालाच पाहिजे असे नाही; तिला तिच्याविषयी बोलायला ती जागा आहे.

आता तुमच्या भीतीविषयी, जी मी हलकी मानत नाही. खरे सांगण्याचा दिवस तुमच्यासाठी खरोखरच धोक्याचा आहे, आणि म्हणून तो एकट्याने काढायचा नाही. ज्या सभासदाला आधी सांगितले असेल त्याला त्या दिवशी सोबत ठेवा, रात्री त्याच्याकडे किंवा आपल्या घरी माणसांत झोपा, खिशात गरजेपेक्षा जास्त पैसे ठेवू नका आणि त्या आठवड्यात गाड्या भरण्याचे काम भावाकडे सोपवा. उपाशी राहू नका. केंद्राने गोळ्या दिल्या असतील आणि तुम्ही त्या आपल्या मनाने बंद केल्या असतील, तर डॉक्टरांना आधीच भेटा. इतके करूनही पाय घसरलाच तर एक लक्षात ठेवा: काही दिवस सलग पिणे झाल्यावर घरात कोंडून घेऊन एकदम बंद करू नका. अशा वेळी पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रमही होऊ शकतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. थेट रुग्णालयात जा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाईन 14446 आहे, आणि मन फार खचले, जगण्याचा कंटाळा आला, तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक रात्री दोनलाही लागतो. दोन्ही निःशुल्क आहेत. हे दोन्ही आकडे पत्नीलाही लिहून द्या.

माझ्या अनुभवात खरे सांगून पुन्हा पिऊ लागलेली माणसे आहेत, नाही असे नाही. पण काहीतरी पोटात ठेवून, वर्षभर आदर्श म्हणून मिरवून, मग एका रात्री कुणाला न सांगता बाटली उघडलेली माणसे मला त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त भेटली आहेत.

सालदाराकडे जाण्याविषयी शेवटचे. तो आता कुठे राहतो हे तुम्ही लिहिलेले नाही; आधी ते शोधून काढा, पण त्याला निरोप पाठवून बोलावून घेऊ नका, तुम्हीच जा. तो ज्याच्याकडे कामाला असेल त्याच्या शेतावर जाऊ नका, त्याच्या घरी जा, तो कामावरून येऊन हातपाय धुऊन बसला असेल अशा वेळी. मिठाईचा पुडा नेऊ नका. राहिलेल्या सालाचे पैसे, चार वर्षे अडकल्याचे धरून वाढवलेले, पाकिटात घालून न्या आणि काकांसमोर काय सांगितले ते त्याला सांगा. त्याची बायको घरात असेल तर तिच्यासमोरच सांगा, तिनेही ते चार वर्षे ऐकले आहे. तो बोलेल ते सगळे ऐकून घ्या, मधे एकही शब्द बोलू नका. त्याने दार लावून घेतले तर पाकीट उंबऱ्यावर टाकून येऊ नका, परत घेऊन या, आणि ज्याच्या शब्दाला तो मान देतो अशा माणसाकडून त्याला विचारा की हे पैसे त्याला कसे घ्यायला आवडतील.

तुमची,
सदरलेखिका